काचेतली जोडपी

सरका फोटोवाल्याने समुद्रावर फोटो काढला की जमलेलं लग्न मोडतं, अशी एके काळी आमच्या शहरात कुजबुज होती. मोठ्याने कुणी बोलत नसे. पण ज्यांच्या घरात नुकतंच लग्न ठरलंय, त्यांना कुणी ना कुणी कोपऱ्यात गाठून, तोंडापुढे हात धरून सांगितल्याशिवाय राहत नसे, "पासपोर्टचा काढा त्याच्याकडे, बाळाचा काढा, म्हाताऱ्याचा काढा. पण जोडीचा? नको गं बाई."

पुरावा शोधायला लांब जायची गरज नव्हती. पुरावा त्याच्याच दुकानाच्या दर्शनी काचेत टांगलेला होता. मोठा करून, चौकटीत बसवून, वरून दिव्याचा उजेड सोडून.

बंदराकडून वर चढणाऱ्या रस्त्याच्या वळणावर हे दुकान. समोर सलून. सलूनवाल्याच्या खुर्चीतून ती काच अशी दिसायची की जणू त्याच्यासाठीच लावली होती. तो गिऱ्हाईकाची मान खाली दाबायचा आणि मग सुरू व्हायचा. मान दाबलेला माणूस वाद घालत नाही, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"ती डावीकडची बघा, स्कार्फ उडतोय ती. बँकेतली. शेजारचा पोहायला शिकवायचा. दीपस्तंभाखालच्या सपाट खडकावर काढलाय. मोडलं. तो म्हणे हिच्या मैत्रिणीलाही पोहायला शिकवत होता, आणि ती मैत्रीण काही बुडायला तयार नव्हती. त्याच्याखाली दातांचा डॉक्टर आणि गाणं शिकवणारी. जुना धक्का. मोडलं. ती म्हणाली तुझी आई आपल्यात नको, हा म्हणाला आई नाही तर मीपण नाही. आणि ती कोपऱ्यातली, बर्फाच्या कारखान्याची निळी भिंत. दोघंही पोस्टातली. मोडलं. का मोडलं ते अजून कळलेलं नाही, पण मी मागावर आहे."

"सगळीच मोडलेली?" खुर्चीतला विचारायचा, हनुवटी छातीला टेकलेली.

"एक अख्खं दाखवा, आजची दाढी माझ्याकडून."

अशी दाढी कुणाच्या नशिबी आली नाही.

दातांचा डॉक्टर एकदा स्वतः दुकानात गेला होता, हेही सलूनवाल्यानेच पाहिलेलं. डॉक्टरचं तोवर दुसरीशी जुळलं होतं, आणि ही दुसरी रोज याच रस्त्याने कामाला जायची. काउंटरवर सरकाची बायको होती. डॉक्टर म्हणाला, "बाई, तो फोटो काढून टाका ना." बाईंनी हातातली कात्रीही खाली ठेवली नाही. "तुमचाच आहे. घेऊन जा." घेऊन जाऊन ठेवणार कुठे? तो मान खाली घालून उतरला, आणि फोटो होता तिथेच राहिला. पुढे ती दुसरी पलीकडच्या फुटपाथने जाऊ लागली. लग्न मात्र केलं तिने त्याच्याशीच. ते रजिस्ट्रारकडे, फोटोबिटो न काढता.

आता सरका म्हणजे कोण, ते सांगतो. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण खाऱ्या वाऱ्याने पाटी खाल्ली आणि नाव विस्मरणात गेलं. फोटो काढताना तो सारखा म्हणायचा, "सरका थोडं. अजून थोडं. आता इकडे सरका." म्हणून सरका. पण जास्त सरकायचा तोच. गिऱ्हाईक जागेवर आलं की याला वाटायचं, छे, आपणच चुकीच्या ठिकाणी उभे आहोत. मग हा दोन दगड खाली, हा कठड्यावर, हा गुडघाभर पाण्यात, पँटचा एक पाय दुमडलेला आणि दुसरा दुमडायचा राहिलेला. लोकांना जन्मभर "हलू नका" म्हणून सांगणाऱ्या या माणसाचे स्वतःचे पाय मात्र दोन मिनिटं एका जागी ठरायचे नाहीत. जेवताना ताट घेऊन खिडकीकडे सरकायचा. बायको म्हणायची, "अहो, ते खायला दिलंय. फोटोला नाही."

त्याच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो घरात भिंतीवर आहे. त्यात नवरी आहे, शेजारी रिकामी खुर्ची आहे, आणि चौकटीच्या कडेला एक कोपर आहे. कोपर नवरदेवाचं. फोटोग्राफरने बटण दाबायच्या क्षणी हा उठून त्याला सांगायला गेला होता की बाबा रे, जरा डावीकडे सरक.

असल्या माणसाच्या पदरी बायको पडली ती शांत, जड बुडाची आणि धारदार जिभेची. दुकानाची वाटणी सरळ होती. उंबऱ्याबाहेरचं त्याचं, आतलं तिचं. कापणं, चौकटी बसवणं, काच पुसणं, काचेत काय लावायचं ते लावणं, सगळं ती बघायची. तिच्या हातून काडीही वाया जात नसे. जुन्या पडद्याचं तिने यंत्रावरचं झाकण शिवलं. कापताना चुकलेल्या पासपोर्टच्या फोटोंनी तिची मुलगी लहानपणी पत्ते खेळली. हुकमाचा एक्का म्हणजे पोलीस इन्स्पेक्टर, हे त्या घरात ठरलेलं होतं. आणि सरका? एकदा छापून झालेल्या फोटोकडे तो परत ढुंकूनही बघत नसे. त्याच्या लेखी तो उतरलेला चहा. त्याला पुढचा उजेड हवा असायचा.

त्यांचा खरा धंदा समुद्रावरच्या जोड्यांचा. लग्न ठरलं की पोरगा-पोरगी सरकाकडे यायची, तो त्यांना समुद्रावर न्यायचा. छोट्या प्रती लगेच मिळत, त्या नातेवाइकांत वाटल्या जात. एक मोठा मात्र चौकटीत बसवून दुकानातच ठेवला जाई आणि लग्न झाल्यावर जोडपं तो घेऊन जाई. कारण लग्न ठरलेल्या जोडप्याकडे सगळं असतं, भिंत नसते.

तर ही कुजबुज सरकाच्या कानावर आली कशी? सलूनमध्येच. चेहऱ्यावर गरम टॉवेल गुंडाळून तो खुर्चीत आडवा झाला होता. मध्येच सलूनवाला चुलीवरचं पाणी बघायला आत गेला, बाहेर आला तो नव्या गिऱ्हाईकाशी बोलत, आणि टॉवेलखाली कोण आहे हे साफ विसरला. नव्या गिऱ्हाईकाच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. मग काय विचारता! बँकवाली, पोहणारा, दातांचा डॉक्टर, पोस्टातली दोघं, सगळी वरात निघाली. शेवटी सलूनवाला म्हणाला, "हात वाईट आहे हो त्याचा. माणूस सोन्यासारखा, पण हात वाईट."

टॉवेल गार झाला. खालचा माणूस हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा सरका एका जागी पडून राहिला होता, आणि ते बघायला कुणाला सवड नव्हती.

टॉवेल काढल्यावर सलूनवाल्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. सरका उठला, आरशात न बघताच बाहेर पडला, रस्ता ओलांडला आणि आपल्याच काचेसमोर उभा राहिला. कित्येक वर्षांत त्याने त्या काचेत बघितलं नव्हतं. सलूनवाला खोटं बोलत नव्हता. प्रत्येक जोडी त्याला आठवली, आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं तेही आठवलं.

बायकोला त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती कात्रीसकट समोर गेली असती आणि शहरात एकच सलून धड होतं. दुसरं म्हणजे, नवऱ्याचा हात वाईट आहे हे बायकोला सांगायला कुठल्या नवऱ्याची जीभ वळते? आणि शहरातल्या लोकांनीही तिला सांगितलं नाही. शहराला सगळ्या गोष्टी माहीत असतात, पण ज्याला सांगायच्या त्याला सोडून.

आता हाताला दोष दिला तर खायचं काय? म्हणून सरकाने दोष जागेला दिला. सपाट खडकच खराब. जुना धक्काच अपशकुनी. निळ्या भिंतीत काहीतरी आहे. त्या जागा त्याने टाकल्या आणि नव्या शोधायला निघाला. इथून त्याची जी वणवण सुरू झाली ती बघणाऱ्याला चक्कर आणणारी होती. सकाळी स्कूटर काढायची आणि समुद्राची कड धरून निघायचं. दोन हातांच्या बोटांची चौकट करून डोळ्यापुढे धरायची, मान हलवायची, पुढे. दुपारी पाणी पांढरंफटक पडतं म्हणून ही जागा बाद. इथे क्षितिज बरोबर मानेतून जातं, मुंडकं छाटल्यासारखं दिसतं, बाद. इथे सगळं छान, पण मागे दवाखान्याच्या चादरी वाळतात. चादरी कधी काढतात, विचारून आला. विचारलं म्हणजे काय, नर्सला म्हणाला, "सरका जरा," आणि तिच्याच गच्चीवर गेला.

एका निवृत्त कप्तानाच्या घरावरची गच्ची त्याला लांबून दिसली. जिना चढून थेट वर. खालून आवाज आला, "कोण आहे रे वर?"

"मी. उजेड बघतोय."

"खालीपण आहे उजेड."

"खालचा वेगळा."

"लोकांच्या घरात शिरताना विचारायची पद्धत आहे."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, मग मी हो म्हणायला लावलं असतं, तोवर ऊन गेलं असतं."

कप्तानाला हे पटलं. समुद्रावर त्यानेही वारा परवानगी मागून पकडला नव्हता. तो दोन कप चहा घेऊन वर आला, तोवर सरका कठडा ओलांडून शेजारच्या गच्चीवर पोचला होता. कप्तान दोन्ही कप एकटाच प्याला आणि पुढे बरेच दिवस लोकांना सांगत राहिला की माझ्या गच्चीवरचा उजेड वेगळा आहे.

अशा त्याने काय काय जागा काढल्या! मिठाच्या गोदामाचं मागचं दार, जे उघडलं की अंधाराच्या चौकटीत नुसतं पाणी उभं राहतं. नावा दुरुस्त करायचं अंगण, जिथे उलट्या घातलेल्या नावांची डांबर लावलेली पोटं म्हशींसारखी चकाकतात. ओहोटीलाच दिसणाऱ्या पायऱ्या. दोन उंच इमारतींमधली अरुंद बोळ, जिच्या टोकाला समुद्र चिरेसारखा दिसतो आणि एखादं जहाज गेलं तर एका दारातून येऊन दुसऱ्या दारातून जाताना दिसावं तसं जातं. प्रत्येक जागा आधीच्यापेक्षा सुंदर. आणि प्रत्येक जागेचं तेच. बरीच जोडपी तिथे उभी राहायची, बरेच महिने जायचे, आणि एक दिवस दुकानाच्या काचेत त्या जागेचा फोटो लागायचा. सरका काचेत बघायचा, चौकशी करायचा. मोडलेलं असायचं. जागा बाद. स्कूटर पुन्हा सुरू.

बाकीचे फोटोवाले लबाड. ते याच्या पाठोपाठ फिरायचे. याने टाकलेल्या जागा ते उचलायचे. आज पाहुण्यांना शहर दाखवायला नेतात त्या जागांपैकी बहुतेक सरकाने शोधलेल्या आहेत, आणि एकही त्याने आनंदाने शोधलेली नाही. माणूस सौंदर्याच्या मागे धावतो असं आपण समजतो. हा भुताच्या पुढे धावत होता.

अशात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात होती. नजर आणि जीभ दोन्ही आईच्या. मुलगा बोटीची इंजिनं दुरुस्त करायचा. हात काळे, दात पांढरे, बोलणं मोजकं. मुलाची आई फेरीबोटीच्या धक्क्यावर तिकिटं द्यायची. जन्म छोट्या खिडकीमागे गेल्यामुळे बाईंना लांब बोलायची सवय नव्हती. घरी आल्या तेव्हा सरका दारात म्हणाला, "सरका जरा, दार लावतो," आणि त्या म्हणाल्या, "पुढे चला." दोघंही दारात अडकली. पोरं हसून हसून खाली बसली.

चहा झाला, तारीख ठरली. मग सरकाची बायको म्हणाली, "आता फोटो. घरचाच फोटोवाला आहे, बोलवायला जायला नको."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "दुसरीकडे काढू."

"का?"

"असंच. वडिलांनी त्या दिवशी आराम करावा."

"बाबा आणि आराम?" मुलगी म्हणाली. "काढतील तर बाबाच काढतील. नाहीतर फोटोच नको."

निघताना विहीणबाई, सरकाची बायको आत गेल्याचं बघून, बूट घालता घालता, सरकाला हळूच म्हणाल्या, "मी तिकिटाच्या खिडकीत बसते. माझ्यापर्यंत सगळं येतं." नाडी बांधून झाली तशा उठल्या. "तुम्ही बाप आहात. तुम्हीच ठरवा."

त्या दिवसापासून सरकाच्या पायाला भिंगरी होती ती चक्री झाली. एकच विचार, अशी एक जागा हवी जिथे आजवर कुणाचंच काही बिघडलेलं नाही. म्हणजे जिथे कुणी उभंच राहिलेलं नाही. शहराची कड संपली तरी तो पुढे गेला. गाळ काढायच्या यंत्रांच्या आवारात रखवालदाराने हाकललं. खाडीच्या तोंडाशी चिखलात बूट राहिला, तो तसाच एका बुटाने परत आला. मुलगी सुट्टी घेऊन तयार व्हायची, जावई हात घासून घासून यायचा, आणि सरका म्हणायचा, "आज उजेड नाही." ऊन तर असं की डोळे उघडवत नाहीत. पुढच्या वेळी, "आज भरती चुकीची." त्याच्या पुढच्या वेळी, "आज मलाच बरं नाही," आणि स्कूटर घेऊन पसार.

बायको म्हणाली, "शहरभर लोकांच्या पोरी उभ्या केल्यात. स्वतःच्या पोरीला उभं करायला हातभर जागा मिळेना?"

तिला काय माहीत! सरका ताट उचलून खिडकीकडे सरकला.

एका दुपारी मुलगी त्याला शोधत आली. तो वखारीच्या मागे, एका पालथ्या पिंपावर चढून, बोटांची चौकट डोळ्याला लावून उभा होता. समोर बघण्यासारखं काही नव्हतं. गंजका नळ आणि त्यापलीकडे थोडंसं पाणी.

"बाबा, उतरा."

"एक मिनिट. तो नळ नसता तर..."

"बाबा, तुम्हाला तो आवडत नाही का?"

"नळ?"

"इंजिनवाला."

सरकाच्या बोटांची चौकट मोडली. "कोण म्हणतं?"

"तुम्हीच म्हणताय, रोज. कधी उजेडाच्या तोंडून, कधी भरतीच्या. सरळ सांगा ना. हात काळे आहेत म्हणून? त्याची आई तिकिटं देते म्हणून? तो कालच मला म्हणाला, तुझ्या वडिलांच्या मनात नाही, मग आपण थांबू या." "मोडतंय ते तुमच्या पायीच. तुम्ही फोटो काढत नाही म्हणून."

सरका पिंपावरून उतरला. उतरला म्हणजे बसला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. टॉवेल, सलून, खडक, धक्का, निळी भिंत, काचेतली सगळी मंडळी. सांगताना तिच्याकडे बघत नव्हता, नळाकडे बघत होता.

मुलीला हसू आलं आणि रडूही आलं, त्यात आधी कशाला वाट द्यावी ते तिला ठरवता येईना.

"आईला माहीत आहे?"

"नाही. तिला सांगू नकोस. सलून पाडेल ती."

"बाबा, तुम्ही इतकी वर्षं हे एकटेच घेऊन फिरताय?"

"फिरत होतो म्हणून चाललं. बसलो असतो तर गेलो असतो."

ती त्याच्या शेजारी बसली. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाला ही काच स्पष्ट की ती स्पष्ट, हे ठरवता येत नाही. तिथे ती जशी थांबते तशी थांबली. मग उठली आणि कपडे झटकले.

"सगळ्यात वाईट जागा कुठली?"

"सपाट खडक. तिथून सुरुवात झाली."

"मग तिथेच काढायचा. उद्या. मोडायचंच असलं तर तुम्ही काढलेल्या चांगल्या फोटोने मोडू दे. न काढलेल्या फोटोने मोडलं तर मी तुम्हाला जन्मभर माफ करणार नाही."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आधी सगळे खडकावर. विहीणबाई धक्क्यावरून सुटी मागून आल्या होत्या. कुठला खडक ते बघितलं आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "इथे?" मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या स्वतःच पुढे चालल्या. वारा चांगलाच होता. पाणी खडकाच्या कडेला येऊन माघारी जात होतं. जावयाने हात पाठीमागे लपवले होते. सरकाने कॅमेरा डोळ्याला लावला.

सगळे वाट बघत होते, आता म्हणेल, "सरका." तो म्हणाला नाही. तोही सरकला नाही. एवढंच म्हणाला, "हात पुढे घे रे. काळे आहेत ते दिसू देत." आणि बटण दाबलं.

पुढचे दिवस त्याने कसे काढले ते विचारू नका. लग्नाला अवकाश होता, आणि मोडण्याला मुहूर्त लागत नाही. एकदा दोघांचं भांडण झालं, कारण काय तर जावई रॉकेलने हात धुऊन तिच्या नव्या कोटाला टेकला. दोघं बोलेनात. सरका सरळ इंजिनाच्या कारखान्यात जाऊन खांबाला टेकून उभा राहिला.

"काका, काही हवंय का?"

"नाही. इथला उजेड बघतोय."

"इथे उजेडच नाही."

"म्हणूनच."

जावई बिचारा गोंधळला. त्याला वाटलं कोटाची बाब वरपर्यंत गेली. संध्याकाळी जाऊन माफी मागून आला. भांडण मिटलं आणि सरकाला घरी जाऊन दोन घास गेले.

लग्न झालं. रजिस्ट्रारच्या खोलीत, विहीणबाईंच्या भाषेत सांगायचं तर "वेळेवर सुटलं." सरका शेवटच्या खुर्चीत बसून होता. कॅमेरा त्याला दिला नव्हता, हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

नव्या घराला रंग लागला आणि एका सकाळी पोरगी-जावई दुकानात आले. बायकोने मोठा फोटो कागदात गुंडाळून तयार ठेवला होता. जावयाने तो खांद्यावर घेतला. तेवढ्यात सरका पडद्यामागून धावत आला.

"थांबा! नेऊ नका अजून. काचेत लावू. महिनाभर तरी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे. त्या समोरच्यालाही दिसू दे."

"काचेत कशी लावू?" बायको म्हणाली. "ती घेऊन चाललीत ना."

"मग बाकीच्यांचे लावलेस ते?"

"ते न्यायला कुणी आलंच नाही म्हणून लावले. लग्नच झालं नाही, तर नेणार कोण? एवढी चौकट, एवढा कागद, वाया घालवू?"

सरकाने काउंटर धरलं. "आणि ज्यांची झाली?"

"ज्यांची झाली ते आपला नेतात. घरी लावतात. आपलाही नाही का घरी? खुर्चीवाला?" तिने कात्री उचलली. "असं काय बघताय? इतक्या वर्षांत विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

पोरगी भिंतीला टेकली. जावयाला काही कळलं नाही, तो फोटो सांभाळत उभा होता. सरका मागे सरकला, पासपोर्टच्या स्टुलावर बसला, आणि बसूनच राहिला.

खरी गोष्ट एवढीच. सरकाने समुद्रावर ज्यांचे फोटो काढले त्यांच्यापैकी बहुतेकांची लग्नं झाली, आणि ते आपले मोठे फोटो घरी घेऊन गेले. ज्यांची मोडली ते न्यायला आले नाहीत. न नेलेले फोटो त्याची बायको काचेत लावायची.